मालवणातली २००७ ची बॉक्स्टर: द्यावी की ठेवावी?

मालवणच्या एका दंतवैद्यांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २००७ ची पोर्शे बॉक्स्टर आहे, ९८७ या पिढीतली, २.७ लिटरची, पाच गिअरची मॅन्युअल. एकोणीस वर्षांत ४६ हजार किलोमीटर झालेत. मुंबईतला एक विक्रेता तिच्या बदल्यात २०१८ ची ७१८ बॉक्स्टर द्यायला तयार आहे. जुनीचे १२ लाख धरणार, वर ४६ लाख द्यायचे, आणि पाडव्याच्या आत हो-नाही कळवायचं. डॉक्टर लिहितात, "गाडीवर जीव आहे, पण तिचं वय झालं. आत्ता दिली तर चार पैसे येतील, नंतर भंगारात जाईल असं सगळे म्हणतात. मुलगा तर रोज नवीचे आकडे वाचून दाखवतो. काय करू?"

डॉक्टर, तुमची गाडी माझ्या ओळखीची आहे. दोन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, ती दुसऱ्या गाडीवर लादून कुडाळला माझ्या गॅरेजमध्ये आणली होती, आठवतं? चावीचं बटण दाबलं तरी दार उघडत नव्हतं, आणि हाताने उघडल्यावर स्टार्टर हूं की चूं करत नव्हता. तुम्हाला वाटलं बॅटरी गेली. बॅटरी ठीक होती. सीट काढली, खालचा गालिचा उचलला आणि फोम दाबला, तर पाण्याची धारच लागली. आमचा पोरगा वाकून बघत म्हणाला, "भाऊनु, हयसर मासो सोडलो तर जगतलो." या गाडीत लॉक आणि इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, कंट्रोल बॉक्स सीटखाली, अगदी जमिनीलगत बसवलेला असतो. तो दोन दिवस पाण्यात होता.

पाणी आलं कुठून? छपरातून नाही. कापडी छपरावर पडलेलं पाणी मागे पन्हाळीत उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांपाशी खाली पडतं. तुमच्या डाव्या नळीच्या तोंडाशी मूठभर काळा लगदा होता. आंब्याचा मोहोर, सुरंगीच्या सुकलेल्या पाकळ्या आणि धूळ, सगळं भिजून घट्ट बसलेलं. मी वायर घालून तो मोकळा केला तेव्हा तांब्याभर पाणी भसकन खाली पडलं. दुरुस्तीचा आकडा तुमच्या लक्षात आहे, मी परत सांगत नाही. त्या दिवशी निघताना तुम्ही म्हणालात, "आता म्हातारी झाली." मी तेव्हा गप्प बसलो, बसायला नको होतं. मुठीएवढा पालापाचोळा काढायला दहा मिनिटं लागतात, आणि तो नव्या गाडीच्या नळीतही असाच साठतो. ७१८ चं छप्पर कापडीच आहे आणि तीही तुमच्या त्याच आंब्याच्या कलमाखाली उभी राहणार.

तुमच्या पत्रात वयाचा उल्लेख चार वेळा आहे. गाडी कुठे उभी असते, किती दिवस उभी असते, धुता कशाने, याबद्दल एक अक्षर नाही. मला निर्णय त्याच्यावर करायचाय.

आपल्याकडे गाडी पावसाने खराब होते असं लोक समजतात. मला तरी जास्त भीती फाल्गुन-चैत्राची वाटते. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, मिठाचे बारीक कण घेऊन येतो आणि ते गाडीच्या पोटाखाली बसतात. तेव्हा पाऊस नसतो, त्यामुळे ते धुऊन जात नाहीत. साध्या मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. आपल्याकडे किनाऱ्यावर रात्रीची आर्द्रता सहज तेवढी असते. म्हणजे गाडी कोरड्या शेडमध्ये दिसली, तरी खालचा प्रत्येक बोल्ट रोज रात्री मिठाच्या पाण्यात भिजतो आणि सकाळी सुकतो. समुद्रापासून पाचशे मीटरवरच्या घरात हे रोजचं आहे.

त्यात तुम्ही गाडी धुता विहिरीच्या पाण्याने. तुमच्या वाडीतलं पाणी एप्रिलनंतर मचूळ लागतं हे तुम्हीच मला चहाच्या वेळी सांगितलं होतं. चहाला चालत नाही ते पाणी गाडीच्या पोटावर मारू नका. टँकरचं नाहीतर नळाचं दोन बादल्या पाणी मारलं तरी पुष्कळ आहे, पण ते वरून नको, खालून. बॉनेट आणि दारं चकचकीत करणारे खूप भेटतात, पोट धुणारा माझ्या आठवणीत एकच आहे, तोही बोटीवाला.

आता गाडीच्या मूळ धातूबद्दल. पोर्शेचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, त्यामुळे तुमच्या दारांना, मडगार्डांना गंज दिसणार नाही. विक्रेत्याचा माणूस भोवती फेरी मारून "बॉडी एक नंबर" म्हणाला असेल, ते खरंच आहे. गंज दुसरीकडे असतो. ॲल्युमिनियमच्या तुकड्यात लोखंडी बोल्ट बसला आणि मधे खारं पाणी आलं की दोघांमध्ये छोटी बॅटरीच तयार होते. सस्पेन्शनच्या हातांवर, एक्झॉस्टच्या जोडांवर पांढरी पूड दिसते ती त्याची. एक्झॉस्ट जिथे इंजिनला जुळतो तिथले बोल्ट या इंजिनावर बदनाम आहेत. पान्हा लावला की डोकं हातात येतं आणि दांडा आत राहतो. मग तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी गरम करा, परत तेल सोडा, आणि इतकं करून दहातले दोन तुटतातच. तुटलेला दांडा ड्रिल करून काढायला मला एकदा अख्खा दिवस लागलाय, तोही उताणं पडून.

दुसरी जागा पुढे आहे. या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्या पुढ्यात आहे, पण रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आहेत आणि त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर. बंपरची भोकं रस्त्यावरचा सगळा पाला आत ओढतात. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तो कुजतो आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. वहिनींना एसीबद्दल तक्रार आहे ना, की गॅस भरला की दोन महिने थंड आणि मग परत गरम? वर्षातून दोनदा गॅस भरणाऱ्याने बंपर काढून बघायला हवं होतं. बंपर काढायला तासभर लागतो. मी पैजेवर सांगतो, आत धामापूरच्या रस्त्यावरची निम्मी झाडं सापडतील.

तिसरी जागा म्हणजे ब्रेकच्या लोखंडी नळ्या, आणि त्यातलं ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, चाललेल्या किलोमीटरशी त्याचा संबंध नाही. तुमच्या फाइलमध्ये शेवटची नोंद २०२१ ची होती. ते आधी बदला, गाडी द्यायची असो वा ठेवायची.

तुम्ही ज्याला घाबरताय ते इंजिन आहे, हे मला ठाऊक आहे. मुलाने इंटरनेटवर आयएमएस बेअरिंगबद्दल वाचलं असणार. तर ऐका. इंजिनाच्या आत एक मधला शाफ्ट असतो, त्याच्या मागच्या टोकाला एक सीलबंद बेअरिंग. ते फुटलं की धातूचे तुकडे ऑइलबरोबर सगळीकडे फिरतात आणि इंजिन संपतं. पोर्शेने २००९ च्या मॉडेलपासून इंजिनच बदललं, त्यात तो शाफ्टच नाही. तुमची गाडी त्याआधीची, म्हणजे बेअरिंग आहे. पण २००६ ते २००८ च्या गाड्यांत ते आकाराने मोठं आहे आणि आधीच्या गाड्यांच्या मानाने फार कमी फुटतं. वाईट इतकंच की इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते बदलता येत नाही. म्हणून मी काय करतो, तर क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवला की त्या बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकतो, म्हणजे इंजिनचं ऑइल त्याला मिळत राहतं. आणि दर ऑइल बदलाला फिल्टर कापून त्याचा कागद पसरून उन्हात बघतो. चमचमणारे कण दिसले तर मालकाला बोलावून दाखवतो. तुमचा फिल्टर मी दोन वर्षांपूर्वी कापला होता, कागद काळा आणि स्वच्छ होता. सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचा जो दुसरा आजार आहे, तो मोठ्या ३.४ आणि ३.८ इंजिनांना जास्त छळतो, २.७ त्यातल्या त्यात सुटलंय.

एक गोष्ट मात्र तुमच्या विरोधात आहे: ४६ हजार. विक्रेता त्याला "फक्त ४६" म्हणतो. मला तो आकडा बघून काळजी वाटते. वर्षाला अडीच हजार किलोमीटर म्हणजे गाडी जास्त वेळ झोपलेली. रबराचे होज, सील, पाण्याचा पंप, छपराच्या दोऱ्या, हे सगळं उभ्या उभ्याच म्हातारं होतं. टायरवर भरपूर नक्षी असते आणि बाजूवर चार आकडी शिक्का बघितला तर टायर नऊ वर्षांचा निघतो. तुमचे बघा. चारातले शेवटचे दोन आकडे म्हणजे वर्ष.

पेट्रोलबद्दलही दोन शब्द, कारण झोपलेल्या गाडीला ते जास्त लागू पडतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि तुमची गाडी १० टक्के धरून बनवलेली आहे. रोज चालणाऱ्या गाडीत मला त्याचा मोठा त्रास दिसलेला नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी टाकी ठेवून जूनपासून गणपतीपर्यंत गाडी उभी केली की टाकीतली दमट हवा आणि ते पेट्रोल यांचं जमतं, आणि मग सप्टेंबरमध्ये इंजिन खोकतं. पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरा, आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी ती कुडाळपर्यंत आणा. शेडमध्ये नुसतं दहा मिनिटं चालू करून बंद करू नका, त्याने एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं आणि तो आतून कुजतो. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर तर आजच काढून फेका, त्याखाली घाम सुटतो. आणि शेडमध्ये आंब्याच्या पेट्या आणि पेंढा ठेवता तो हलवा. उंदीर पेंढ्यात घर करतो आणि वायरिंगवर दात घासतो. त्याचा इलाज तुमच्या दवाखान्यात होत नाही.

त्या बेअरिंगचं सोडलं, तर हे सगळं ७१८ लाही लागू आहे. खारा वारा तिलाही तोच, कंडेन्सर त्याच कोपऱ्यात, छप्पर कापडी, उंदीर तेच. उलट तिच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स जास्त. आणि नवी नवी म्हणता ती आज आठ वर्षांची आहे. मुंबईत ती कुठल्या बिल्डिंगच्या तळघरात उभी होती ते कोणाला माहीत.

गाडी म्हणून ७१८ चांगलीच आहे, उगाच नावं ठेवणार नाही. तुमच्या गाडीत सहा सिलिंडर, २४५ हॉर्सपॉवर, २७३ न्यूटन मीटरचा जोर, तोही इंजिनाच्या मिनिटाला ४,६०० फेऱ्यांच्या पुढे. ७१८ मध्ये चार सिलिंडर, दोन लिटर, टर्बो, ३०० हॉर्सपॉवर, आणि ३८० न्यूटन मीटर १,९५० फेऱ्यांपासूनच. मुलगा वाचून दाखवतो ते हेच. शून्य ते शंभरला तुमची सहा सेकंदांच्या थोडी वर, ती पाच सेकंदांत. सात गिअरचा पीडीके ऑटोमॅटिक, कणकवलीच्या बाजारात डाव्या पायाला आराम. ब्रेक मोठे, एसी थंड, फोन जोडला की नकाशा समोर. रोज महामार्गाने गोव्याला जाणारा माणूस असता तर मी म्हटलं असतं घ्या, विचार करू नका.

तुम्ही मात्र गाडी कधी काढता? थंडीत, रविवारी, पहाटे साडेपाचला. सावंतवाडी, दाणोली, आंबोली. वर चहा, भजी, आणि ऊन चढायच्या आत खाली. तुमच्याबरोबर मी एकदा बसलोय. दाणोली सोडल्यावर तुम्ही दुसऱ्या गिअरला गाडी खेचत ठेवली, काटा सहा हजारांपुढे गेला तेव्हा मागे इंजिनाचा सूर बदलला, आणि तुम्ही बोलता बोलता मधेच थांबलात. वाक्य अर्धं राहिलं. पुढच्या वळणानंतर तुम्ही ते पुरं केलंत. ७१८ मध्ये त्या चढाला सहा हजारांपर्यंत जायची गरजच पडणार नाही, ती अडीच हजारांतच चढून जाईल. घाट लवकर संपेल. आवाजही चार सिलिंडरचा येईल, खरखरीत. काही लोकांना तो आवडतो. नावाला इतिहास आहे, ७१८ ही १९५७ ची शर्यतीची पोर्शे, तीही चार सिलिंडरचीच. पण तुमचं अर्धं राहिलेलं वाक्य मी ऐकलंय.

आणि स्टिअरिंग. तुमचं हायड्रॉलिक आहे. रस्त्यावर खडी पसरलेली असली तर तळव्याला कळते. २०१२ मध्ये आलेल्या ९८१ पिढीपासून ते इलेक्ट्रिक झालं. हलकं आहे, अचूक आहे, पण खडी कळत नाही.

मोजपट्टी घेऊन बसायचं तर टायरही बघा. तुमच्या पुढच्या चाकाला १७ इंची रिम आणि २०५/५५ चा टायर. ७१८ ला कमीत कमी १८ इंच आणि २३५/४५, आणि हौशी मालकाने बहुतेक वेळा २० इंची बसवलेले असतात. रिम मोठी झाली की मधलं रबर पातळ होतं. सिंधुदुर्गातला महामार्ग आता सिमेंटचा आणि गुळगुळीत आहे हे मान्य, पण तुमचं घर महामार्गावर नाही. दोन्ही गाड्यांत स्टेपनी नाही, नुसती टायरमध्ये ओतायची बाटली आणि छोटा पंप. टायर बाजूने फाटला तर बाटलीचा उपयोग शून्य. आंबोलीच्या वळणावर तशा टायरसकट उभं राहायचं, आणि त्या मापाचा टायर मुंबईहून यायची वाट बघायची. पीडीकेचं तेच. मॅन्युअल गिअरबॉक्स मी कुडाळात उतरवू शकतो. पीडीके बिघडला तर गाडी टोचन करून पाचशे किलोमीटर न्यावी लागेल.

पैशाकडे येऊ. ४६ लाख तुम्ही कर्ज काढून देणार नाही हे मला माहीत आहे, पण बँकेत ७ टक्क्यांनी राहिले असते तर वर्षाला ३ लाख २२ हजार व्याज झालं असतं. तुम्ही अडीच हजार किलोमीटर चालवता. भागून बघा, किलोमीटरला १२९ रुपये पडतात, तेही पेट्रोल, विमा, टायर धरण्याआधी. तुमच्या जुन्या गाडीवर कंडेन्सर, होज, टायर, ब्रेक, क्लच, पुढचे बुश असं सगळं एकदम केलं, तरी एक्सचेंजच्या फरकाचा छोटा तुकडाच लागेल. १२ लाखांचा भाव मात्र वाईट नाही. तो खरा आहे की ७१८ च्या किमतीत आधीच चढवलेला आहे हे बघायचं असेल, तर त्याला फक्त ७१८ ची रोख किंमत विचारा, जुनी गाडी न देता. फोन दुसऱ्या कोणालातरी करायला लावा.

कागदांचं थोडक्यात. तुमच्या गाडीचं पंधरा वर्षांचं पासिंग २०२२ मध्ये झालं, पुढचं २०२७ मध्ये. तेव्हा गाडी वीस वर्षांवर जाते आणि इम्पोर्टेड चारचाकीला नूतनीकरणाची फी ८० हजार रुपये आहे. ते बजेटमध्ये धरा. दहा-पंधरा वर्षांनी गाडी बंद हा नियम दिल्ली परिसराचा, आपल्या सिंधुदुर्गाच्या एमएच ०७ ला तो नाही, त्यामुळे "भंगारात जाईल" म्हणणाऱ्यांना चहा पाजून घरी पाठवा. "क्लासिक" ला कायद्यात मात्र काही सवलत नाही. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांनंतर, म्हणजे तुमच्या नातवाला. विम्यात एक करा: पाच वर्षांवरच्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. एजंट देईल तो आकडा मुकाट्याने घेऊ नका.

भाव पुढे वाढेल का? परदेशातून तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आणता येत नाही, त्यामुळे भारतात जेवढ्या मॅन्युअल ९८७ आहेत तेवढ्याच राहणार, कमीच होणार. पण घेणारेही मोजकेच आहेत. भाव वाढेल म्हणून ठेवू नका. ७१८ चंही तसंच: पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, आणि विक्रेता "शेवटची पेट्रोल" असं म्हणून घाई करेल. त्याच्याकडची २०१८ ची आहे, ती पाडव्यानंतरही २०१८ चीच असेल.

माझा एक चुकलेला सल्ला सांगतो. तारकर्लीकडच्या एका हॉटेलवाल्याकडे जुनी दोन सीटची होती, दुसऱ्या कंपनीची, कापडी छपराची. मी तिला लिफ्टवर चढवली, गंजलेले बोल्ट मोजले आणि म्हटलं, देऊन टाक, नवी घे. त्याने घेतली, पत्र्याच्या दुमडणाऱ्या छपराची. पहिल्या वर्षी ती तीन वेळा बाहेर निघाली. तो जुनी गाडी संध्याकाळी काढायचा, छप्पर उघडून, ताशी तीसच्या वेगाने, माडांखाली लावायचा आणि वाळूत बसायचा. नव्या गाडीवर नारळ पडेल म्हणून तो तिला माडाखाली लावेना, आणि वाळू आत जाईल म्हणून चप्पल काढून बसायला लागला. तिसऱ्या वर्षी विकली. मी बोल्ट मोजले होते, तू ती कधी काढतोस आणि कशाला, हे विचारलं नव्हतं. म्हणून तुम्हाला आंबोलीचं एवढं लांबण लावलं.

माझा कौल सांगतो. पाडव्याचा मुहूर्त सोडा, गाडी ठेवा. अट एकच, ती लिफ्टवर पास झाली पाहिजे. मी तीन गोष्टी बघेन. मागच्या सबफ्रेमचे, म्हणजे सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीचे, आणि सस्पेन्शनचे मुख्य बोल्ट हलतात का, ब्रेकच्या नळ्यांवर नुसता तांबूसपणा आहे की खड्डे पडलेत, आणि फिल्टरचा कागद. एक्झॉस्टचे बोल्ट तुटतील, ते मी धरलेलंच आहे, त्याला नापास म्हणत नाही. फिल्टरमध्ये चमक दिसली तर मात्र मी दुसऱ्याच दिवशी तुम्हाला "१२ लाख घ्या" म्हणून फोन करेन, आणि घेणाऱ्याला कारण सांगूनच द्यायची.

तसं झालं तरी ७१८ वर लगेच उडी मारू नका. मधल्या ९८१ पिढीची, २०१२ ते २०१६ मधली, शोधा. सहा सिलिंडरच, टर्बो नाही, तो बदनाम शाफ्ट नाही, २.७ मध्ये २६५ हॉर्सपॉवर. स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, ते सोसावं लागेल. मिळायला वेळ लागेल. सहा महिने लागले तर लागू देत.

आणि मुलाने फारच हट्ट धरला, ७१८ बघायला मुंबईला गेलातच, तर दोन कामं करा. सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि शेवटचा फूटभर भाग निरखून बघा. पुरात बुडालेल्या गाडीची सीट धुतात, गालिचा बदलतात, पण बेल्टच्या आतल्या वळ्यावर मातीची रेघ राहते. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर मी अशा चार गाड्या ओळखल्या, एक तर "पुण्याची, एकहाती" म्हणून आली होती. दुसरं, तासभराची फेरी घ्या, आणि ती महामार्गावर नको. त्यांना सांगा लोणावळ्याच्या घाटात चढवायची आहे. खाली आल्यावर मुलाला न विचारता, स्वतःलाच विचारा की परत एकदा वर जावंसं वाटलं का.

तोवर, येत्या आठवड्यात सकाळी लवकर गाडी इकडे घेऊन या, बुधवार सोडून कधीही. बुधवारी कुडाळचा बाजार असतो, तुम्हाला पार्किंग मिळणार नाही आणि मला मासे आणायचे असतात. येताना फाइल आणा, दुसरी चावी आणा, ती कधीच वापरत नाही तिचीही बॅटरी बघायची आहे. आणि छपरावरचा मोहोर झटकू नका. तो कुठून कुठे जाऊन बसतो ते मला तुमच्या डोळ्यांदेखत दाखवायचंय.